मुलांसाठी वैद्यकीय उपकरणे : एका कायद्याची कहाणी

१९८७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ शहरात, काही महिन्यांचे एक बाळ कृत्रिम श्वसनयंत्रावर होते. छातीच्या एका बाजूच्या काही बरगड्या त्याला जन्मतःच नव्हत्या. पिंजराच अपुरा, म्हणून फुप्फुसाला फुगायला जागा नव्हती. बालशल्यचिकित्सक मेल्विन स्मिथ आणि अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट कॅम्पबेल यांनी हाडे जोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातूच्या सळया घेऊन त्याच्या छातीला आधार तयार केला.

पण मूल वाढते, सळई वाढत नाही. म्हणून कॅम्पबेल यांनी पुढे टायटॅनियमची सरकती बरगडी विकसित केली. काही महिन्यांनी एक छोटी शस्त्रक्रिया करून तिची लांबी वाढवता येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणाला २००४ मध्ये मान्यता दिली, म्हणजे त्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सतरा वर्षांनी. एवढा काळ का लागावा?

लहान मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे

पहिली अडचण शास्त्रीय आहे. प्रौढांचे उपकरण आकाराने लहान केले की झाले, असे आपल्याला वाटते. हृदयाला मदत करणाऱ्या रक्तपंपाचे उदाहरण घेऊ. पंपाची लांबी, रुंदी, उंची निम्मी केली, तर त्यात मावणारे रक्त एक अष्टमांश होते. पण आतला पृष्ठभाग एक चतुर्थांशच होतो. म्हणजे तेवढ्याच रक्ताच्या वाट्याला परक्या पदार्थाचा पृष्ठभाग दुप्पट येतो. पातेल्यातल्या चहापेक्षा कपातला चहा लवकर निवतो, त्यामागेही हेच गणित आहे. रक्त परक्या पृष्ठभागावर गोठू लागते, त्यामुळे लहान पंपात गुठळ्यांचा धोका अधिक असतो.

दुसरी अडचण आर्थिक. असे आजार मुळात विरळ. रुग्ण थोडे म्हणून विक्री थोडी. आणि रुग्ण थोडे म्हणूनच चाचण्याही वर्षानुवर्षे रेंगाळतात. साहजिकच कारखानदार इकडे वळत नाहीत.

कायद्याची पावले

१९७६ च्या कायद्याने अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांचे जोखमीनुसार तीन वर्ग केले आणि सर्वाधिक जोखमीच्या उपकरणांना विक्रीपूर्वी मंजुरी आवश्यक ठरवली. रुग्णांच्या संरक्षणासाठी हे योग्यच होते. पण विरळ आजारांसाठी एवढा पुरावा गोळा करणे अवघड होते. म्हणून १९९० च्या कायद्याने एक सवलत दिली. वर्षाला ४,००० पेक्षा कमी रुग्णांना होणाऱ्या आजारासाठीचे उपकरण असेल, तर परिणामकारकता पूर्ण सिद्ध करण्याची गरज नाही. ते सुरक्षित आहे आणि त्याचा लाभ संभवतो एवढे दाखवणे पुरे. (२०१६ मध्ये ही मर्यादा ८,००० झाली.) टायटॅनियमची बरगडी याच वाटेने आली. मात्र सवलतीला एक अट होती : अशा उपकरणावर नफा घ्यायचा नाही. हेतू चांगला होता, पण त्यामुळे उत्पादकाला उरलेसुरले आकर्षणही राहिले नाही.

२७ सप्टेंबर २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या स्वाक्षरीने जो मोठा कायदा झाला, त्यात मुलांच्या उपकरणांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. सिनेटर ख्रिस डॉड आणि प्रतिनिधी एड मार्की यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. या प्रकरणाने मुलांसाठीच्या अशा उपकरणांवर नफा घेण्यास परवानगी दिली, पण वर्षाला किती नगांवर, याची मर्यादा घातली. शिवाय या उपकरणांचे दुष्परिणाम दरवर्षी बालरोगविषयक सल्लागार समितीपुढे ठेवणे बंधनकारक केले. संशोधक, डॉक्टर आणि उत्पादक यांना एकत्र आणणाऱ्या गटांसाठी अनुदानाची तरतूद झाली. मुलांचे शरीर वाढत असल्याने विक्रीनंतरची देखरेख तीन वर्षांहून अधिक काळ मागण्याचा अधिकारही प्रशासनाला मिळाला.

मूल कोणाला म्हणायचे?

डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनमध्ये विकसित झालेल्या मुलांच्या रक्तपंपाला अमेरिकेत याच सवलतीखाली मान्यता मिळाली. त्याचा सर्वांत लहान पंप अवघ्या १० मिलिलिटरचा आहे. हृदयरोपणाची वाट पाहणाऱ्या ४८ मुलांवर त्याची चाचणी झाली. आधीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्या मुलांपेक्षा ही मुले कितीतरी अधिक काळ जगली. परंतु दर दहांतल्या सुमारे तिघांना पक्षाघात झाला. गुठळ्यांचे ते गणित इथे प्रत्यक्षात दिसते. 'संभाव्य लाभ' या दोन शब्दांमागे आईवडिलांना किती कठीण निर्णय घ्यावा लागतो, हेही त्यावरून कळते.

मग कायदा यशस्वी झाला का? उत्तर पूर्ण होकारार्थी नाही. या कायद्यात 'बालरुग्ण' म्हणजे २१ वर्षांपर्यंतची व्यक्ती. २००८ ते २०११ या काळात मुलांसाठी मान्य झालेल्या जास्त जोखमीच्या उपकरणांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील बहुतेक उपकरणांच्या चाचण्या १८ वर्षांवरील रुग्णांवर झाल्या होत्या, असे त्यात आढळले. एकोणीस वर्षांच्या तरुणावर तपासलेले उपकरण कागदोपत्री 'मुलांचे' ठरते. पण त्याच्या छातीचा पिंजरा आणि त्या सहा महिन्यांच्या बाळाचा पिंजरा यांत साम्य ते काय?

कायदा बाजाराची दिशा थोडी वळवू शकतो. मात्र त्यातल्या एका व्याख्येवर केवढे अवलंबून असते, हे वर्गात मुलांशी बोलताना जरूर सांगावे.