देवाचे मार्गदर्शन (ख्रिस्ती आचार : बुलढाणा जिल्हा व मराठी मंडळ्या)

देवाचे मार्गदर्शन : लग्न, नोकरी, गाव सोडणे, उपचार, पैशाचा व्यवहार अशा बाबतींत निर्णय घेण्यापूर्वी ‘प्रभूची इच्छा’ काय आहे हे प्रार्थना, बायबलवाचन व मंडळीचा सल्ला यांतून शोधण्याची ख्रिस्ती रीत. भविष्य जाणून घेणे हा तिचा हेतू नाही. तिचे आधार म्हणून नीतिसूत्रे 3:5-6 आणि याकोब 4:13-15 ही स्थळे नेहमी सांगितली जातात. पहिल्यात स्वतःच्या अकलेवर न विसंबण्याचा उपदेश आहे, तर दुसऱ्यात उद्याचे बेत ठामपणे जाहीर करणाऱ्या व्यापाऱ्यांची कानउघाडणी आहे. बायबलमध्ये गिदोनाने लोकर पसरून मागितलेली खूण आहे आणि मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाल्याची हकीकतही आहे. मात्र पेंटेकॉस्टनंतरच्या मंडळीत चिठ्ठ्यांचा उल्लेख पुन्हा येत नाही. खुणा मागण्याच्या सवयीविरुद्ध पाळक हाच दाखला पुढे करतात.

बुलढाणा जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या 25,86,258 असून तीत ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी आहेत. कॅथलिक लोक 1955 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतात. प्रोटेस्टंटांची जडणघडण मुख्यतः ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकी मिशनने केली. तिचे वऱ्हाडातील मुख्य ठाणे अकोल्याला होते. मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे दांपत्य तेथे 1880 च्या दशकात आले ते कोणत्याही मोठ्या मिशनच्या पगारावर नव्हे. पुढे ते व त्यांचे काम अलायन्समध्ये सामील झाले. या मिशनमध्येही आरंभी ठरलेल्या वेतनाची हमी नसे. देणगी आली तेवढी वाटून घ्यायची, आली नाही तर प्रार्थना करायची आणि थांबायचे, असा शिरस्ता होता. कापसाच्या बाजारपेठेमुळे 1870 मध्येच जलंबहून रेल्वेफाटा मिळालेल्या, जिल्ह्यातील खामगावात या मिशनने अनाथ मुलींचा आश्रम चालवला. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी वऱ्हाडातील अशी घरे भरली. अशा आश्रमांत उद्याचे धान्य हाच प्रार्थनेचा विषय असे, त्यामुळे ‘देव पुरवील’ हा विश्वास तेथे रोजच्या हिशेबात उतरत होता. या भागातील मार्गदर्शनाच्या कल्पनेला जो व्यवहारी रंग आहे, तो प्रवचनांपेक्षा या आश्रमांतून आला असावा, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

या पद्धतीचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण जिल्ह्याबाहेरचे आहे : पंडिता रमाबाई (1858-1922). त्यांनी ब्रिस्टलचे अनाथाश्रमचालक जॉर्ज म्यूलर यांचे अनुभव वाचले होते. बॉस्टन येथे 1887 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते आणि ती मुदत संपत आली होती. अशा वेळी लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात त्यांनी आपल्याकडच्या ख्रिस्ती झालेल्या 15 मुलींच्या संख्येचा वर्ग, म्हणजे 225, देवाकडे मागितला. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई पैसा हाताशी नसताना तेथे गेल्या आणि सुमारे 300 मुली-स्त्रिया पुणे जिल्ह्यातील केडगावला आल्या. यातूनच मुक्ती मिशन उभे राहिले. यात खुणेपेक्षा जुळणी महत्त्वाची दिसते. मागणी, आठवण आणि समोरची गरज या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

सामान्य कुटुंबात एवढे नाट्य नसते. एखाद्या घरी मुलीचे स्थळ आले किंवा मुलाला पुण्याला नोकरी लागली की आधी घरात प्रार्थना होते, मग पाळकांना कळवले जाते. प्रश्न मोठा असेल तर उपवास-प्रार्थना ठेवतात. रोजच्या मननात त्याच विषयावरचे वचन पुन्हा पुन्हा आले, मनाला शांती वाटली आणि वडीलधाऱ्यांनीही होकार दिला, तर ‘प्रभूने दार उघडले’ असे म्हणतात. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी काढून तिला ‘वर्षाचे वचन’ मानण्याची प्रथाही अनेक मराठी मंडळ्यांत आहे. ती लोकप्रिय आहे, पण संदर्भातून तोडलेल्या एका ओळीवर वर्षाचे निर्णय टांगणे काही पाळकांना मान्य नाही. साक्षीच्या वेळी मात्र जमलेल्या गोष्टीच ऐकू येतात. जे दार उघडलेच नाही, त्याबद्दल उभे राहून बोलणारे विरळा.

मार्गदर्शन एकाला मिळते आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ही बाजू उपदेशात क्वचितच येते. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो 1900 मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला. मधली काही वर्षे दोघे वेगळे राहिले. 1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यासवृत्ती पत्करली व ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय सुरू केला. अशा हाकेमागे घर कसे चालते, याचे विनोदी आणि निर्भीड चित्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. मार्गदर्शनाच्या विषयावरचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक पुस्तक तेच म्हणता येईल, जरी त्या हेतूने ते लिहिलेले नाही. व्यक्तीला वाटलेली हाक कुटुंबाने आणि मंडळीने पारखावी, या आग्रहाचे महत्त्व तेथे कळते.

कॅथलिक परंपरेत हे काम धर्मगुरूशी बोलणे, पापनिवेदन, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणाच्या रीतीतून होते. मन उद्विग्न असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा इग्नेशियस यांचा नियम विशेष उपयोगी मानला जातो.

दुखणे हा अलायन्स परंपरेतील नाजूक विषय. संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांना 1881 मध्ये प्रार्थनेने आपले हृदयाचे दुखणे बरे झाल्याचा अनुभव आला. ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा आहे, ही त्यांच्या शिकवणीची चौकट होती. या मिशनच्या आफ्रिकेतील सुरुवातीच्या काळात औषध नाकारण्यापर्यंत काहींची मजल गेली. आज मराठी मंडळ्यांत बहुधा याकोब 5:14 प्रमाणे वडीलजन तेल लावून प्रार्थना करतात आणि रुग्णाला दवाखान्यातही नेतात. ऑपरेशन करायचे की नाही याऐवजी ते अकोल्याला करावे की नागपूरला, कोणत्या डॉक्टरकडे, यासाठी प्रार्थना मागितली जाते.