मानेतील गाठींची सुई तपासणी

सुई तपासणी किंवा एफएनएसी ही गाठीत बारीक सुई घालून तेथील पेशी बाहेर काढण्याची व सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची परीक्षा करण्याची पद्धत आहे. अवटू ग्रंथी (थायरॉईड), लाळग्रंथी आणि मानेतील लसीका ग्रंथी यांच्या गाठींचे निदान करताना ही तपासणी बहुधा आरंभीच केली जाते. तिची अचूकता एकंदरीत चांगली असली, तरी ती गाठीच्या जागेनुसार व स्वरूपानुसार बदलते.

इतिहास

न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी १९३० साली या पद्धतीविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यांची सुई १८ गेजची, म्हणजे तुलनेने जाड होती. बारीक सुईची पद्धत पुढे स्वीडनमध्ये विकसित झाली.

पद्धत

आता साधारणतः २२ ते २७ गेजची सुई वापरतात. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. काढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून रंगवतात. गाठ खोल असल्यास सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईला दिशा दिली जाते.

अचूकता

कर्करोग असलेल्या रुग्णांपैकी किती जणांत तो ओळखला गेला, हे संवेदनशीलतेवरून कळते. कर्करोग नसलेल्यांपैकी किती जणांना तसा निर्वाळा मिळाला, हे विशिष्टतेवरून कळते. डोके व मानेच्या गाठींविषयीच्या अनेक अभ्यासांच्या २००८ मधील एकत्रित विश्लेषणात संवेदनशीलता सुमारे ९० टक्के व विशिष्टता सुमारे ९६ टक्के आढळली. याचा अर्थ, १०० कर्करोगी गाठींपैकी सुमारे १० या तपासणीतून निसटू शकतात.

मर्यादा

सुईतून सुट्या पेशी मिळतात. ऊतींची मूळ रचना दिसत नाही. अवटू ग्रंथीच्या फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत पेशींनी गाठीचे आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, यावरून कर्करोग ठरतो. ते पेशींवरून कळत नसल्याने गाठ शस्त्रक्रियेने काढूनच निर्णय करावा लागतो. लिम्फोमाचा संशय असल्यास जाड सुईची कोअर बायोप्सी करतात किंवा संपूर्ण लसीका ग्रंथी काढून तपासतात. लाळग्रंथीच्या काही सौम्य व घातक अर्बुदांच्या पेशी परस्परांशी साम्य दाखवतात. घशातील कर्करोग मानेत पसरून द्रवाने भरलेली गाठ झाली असेल, तर सुईत नुसता द्रव येऊन निदान चुकण्याचा संभव असतो.

भारतात मानेतील गाठींचे एक प्रमुख कारण क्षयरोग आहे. त्यालाच पूर्वापार गंडमाळ म्हणतात. सुईने काढलेल्या नमुन्यावर क्षयजंतूंची चाचणीही करता येते.

अहवालाचा अर्थ

अवटू ग्रंथीच्या अहवालासाठी बेथेस्डा पद्धतीचे सहा वर्ग वापरतात. त्यांपैकी पहिल्या वर्गात नमुना अपुरा असतो. असा अहवाल 'कर्करोग नाही' असे सांगत नाही, तर तपासणी पुन्हा करण्याची गरज दर्शवतो. पेशी सौम्य आढळल्या तरी गाठ वाढत असेल, कठीण लागत असेल किंवा प्रौढ व्यक्तीच्या मानेत टिकून असेल, तर पुढील तपासणी आवश्यक ठरते. त्यामुळे डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी, सोनोग्राफीसारख्या प्रतिमा व पेशींचा अहवाल ही तिन्ही परस्परांशी जुळतात का, हे पाहूनच उपचार ठरवले जातात.