दोन लिपींची भिंत

खंडव्याहून भुसावळकडे उतरणाऱ्या लोहमार्गावर, नेपानगरच्या शेजारी, सातपुड्याच्या साग-सालईच्या रानात चांदनी नावाचे एक लहानसे स्थानक आहे. या मुलखातले मूल ज्या भाषेत आईशी बोलते तीच भाषा बाजारात चालेल असे नाही, आणि बाजारात चालणारी भाषा शाळेच्या फळ्यावर उमटेल असेही नाही. कारण रानातल्या पाड्यांवर कोरकू, आठवड्याच्या बाजारात निमाडी, शाळेत व कचेरीत हिंदी, आणि दक्षिणेस रावेरच्या वाटेने थोडे खाली उतरले की खानदेशी वळणाची मराठी, असा हा चार बोलींचा संगम आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या चिनी मुलांना दोन्ही भाषा आणि दोन्ही संस्कृती शाळेतूनच कशा द्याव्यात, हा प्रश्न आज मोठ्या आस्थेने विचारला जातो. चांदनी ज्यात येते त्या बुऱ्हाणपूरच्या परिसराने तो निराळ्या रूपांत कितीतरी वेळा पाहिला आहे.

त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत सुंदर उत्तर बुऱ्हाणपूर शहराच्या मध्यभागी उभे आहे. फारुकी घराण्याच्या राजा अली खानाने, म्हणजेच आदिलशहाने, बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन करून फारुकी राजांची वंशावळ दिली आहे, आणि शके 1511 हे वर्ष तिथी-नक्षत्रांसह पंचांगाच्या रीतीने नोंदविले आहे. राज्यकर्त्याने आपल्या उपासनागृहात प्रजेच्या शास्त्रभाषेला पाषाणात स्थान द्यावे, ही गोष्ट मला एखाद्या मोठ्या विजयाहूनही मोलाची वाटते. संस्कृत वाचणाऱ्या पंडिताला आणि अरबी वाचणाऱ्या मौलवीला आपली विद्या दारातल्या उंबरठ्यावर ठेवून आत यावे लागत नव्हते, असाच त्या भिंतीचा अर्थ मी लावतो.

पुढे फारुकींचे राज्य मोगलांकडे गेले आणि बुऱ्हाणपूर खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाले. तेथे दीर्घकाळ वावरलेला अब्दुर्रहीम खानखाना हा तर द्विभाषिक बालपणाचे मूर्तिमंत उदाहरण होय. पिता बैरामखान तुर्कमान वंशाचा, माता मेवातची. 1561 साली पाटण येथे पित्याचा खून झाला तेव्हा हे मूल अवघे चार-पाच वर्षांचे होते, आणि पुढील संगोपन अकबराच्या दरबारात झाले. याच रहीमने तुर्की भाषेतील बाबरनाम्याचे फारसीत भाषांतर करून 1589 मध्ये ते बादशहापुढे ठेवले, आणि त्याच लेखणीने हिंदीत दोहे रचले. एका भाषेने दुसरीची जागा हिरावली, असे त्याच्या बाबतीत कोण म्हणेल?

1760 च्या उदगीरच्या तहाने बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, आणि दफ्तरात मोडी लिपीतील मराठी रुजली. इंग्रजी अमलात हा मुलूख मध्य प्रांतात समाविष्ट झाला. त्या प्रांतात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषा नांदत असल्या, तरी बुऱ्हाणपूर ज्यात होते तो, नर्मदेच्या विभागात मोडणारा निमाड हिंदीचा जिल्हा गणला गेला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्याकडे गेला, निमाड मध्य प्रदेशातच राहिला, आणि बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांतली मुले एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350 अ घातले व अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीचे कर्तव्य राज्यावर टाकले. कायदा उत्तम आहे. पण वेळापत्रकातला तास, शिकविणारा गुरुजी आणि हाती पुस्तक यांवाचून कोणतीही भाषा शाळेत शिरत नाही.

अमेरिकेत शिकलेल्या चिनी मुलांचा इतिहासही हेच सांगतो. येल विद्यापीठातून 1854 मध्ये पदवीधर झालेल्या युंग विंग यांच्या प्रयत्नाने चीनच्या सरकारने 1872 पासून चार तुकड्यांत 120 मुलगे अमेरिकेत धाडले. ती मुले अमेरिकन कुटुंबांत राहत, आणि चिनी ग्रंथांच्या अभ्यासासाठी हार्टफर्ड येथील या योजनेच्या मुख्यालयात येत. परंतु ती परकी होत चालली, या भयाने 1881 मध्ये सर्वांना परत बोलावण्यात आले. त्यांच्यापैकीच झान तिअन्यू या अभियंत्याने पुढे पेकिंग-कालगान लोहमार्ग बांधला. भय किती अनाठायी होते, हे त्या रुळांनी दाखविले! अमेरिकेतील न्याय मात्र उशिरा आला: सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी विद्यार्थ्यांच्या 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, न समजणाऱ्या भाषेत सर्वांना सारखेच पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. 1981 मध्ये त्याच शहरात चिनी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांची शाळा निघाली.

आता पुन्हा चांदनीकडे वळू. शेजारच्या नेपानगरात भारताचा पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला. 1956 च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. सालईचे लाकूड आणि बांबू यांपासून तेथे जो कागद निघाला, त्यावर देशाची वृत्तपत्रे छापली गेली. ज्या रानातून ते लाकूड गेले, त्याच रानात कोरकू बोलणारी माणसे राहतात. त्यांची भाषा मुंडा कुळातली, त्या कुळाच्या अगदी पश्चिमेच्या टोकाची. आणि सीमेपलीकडे जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारे मूठभर लोक आहेत, ज्यांच्या भाषेचे कोणत्याच ज्ञात कुळाशी नाते जुळत नाही. या दोन्ही भाषा बोलणारी मुले शाळेत पाऊल ठेवताच आपली पहिली भाषा दाराबाहेर ठेवतात. घरच्या प्रेमाने भाषा जगते, पण वाढते ती अधिकाराच्या जागी तिला लिहिले गेले तरच. कोरकू आजही घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

बुऱ्हाणपूरला जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या, आणि जामा मशिदीतला तो संस्कृत लेख त्यांना स्वतः वाचून दाखवा.