चार पट्ट्यांवरील गोवा

ध्वनिमुद्रिकेवरील नाव ही वरकरणी लहान बाब. ऐकणाऱ्याचे लक्ष गाण्याकडे असते. लेबलावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, हे पाहण्याची सवड फार थोड्यांना असते. परंतु गोव्यातील ख्रिस्ती संगीतकारांच्या विसाव्या शतकातील इतिहासात हाच प्रश्न मध्यवर्ती ठरतो. रेमो फर्नांडिस यांच्या पहिल्या घरगुती कॅसेटींकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांचे खरे महत्त्व ध्यानात येते.

गोव्यात पाश्चात्य संगीताची शिकवण सोळाव्या शतकापासून चर्चच्या आधाराने रुजली. धर्मग्रामाच्या शाळेत ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत असे. हेतू उपासनेचा होता. पण या शिक्षणाने गावोगावी स्वरलिपी वाचणारे वादक निर्माण केले. गोव्यात त्यांना पुरेसा रोजगार नव्हता. ते मुंबईला गेले आणि बोलपट आल्यावर चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांची वाद्यरचना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू होते. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यातून शिष्याने गुरूचे नाव देशभर नेले, तेव्हा हा कोणी खरा माणूस आहे याची ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना कल्पनाही नव्हती. तबकडीवर गायकाचे आणि संगीत-दिग्दर्शकाचे नाव छापले जाई. वाद्यरचनाकार व वादक बहुधा निनावी राहत.

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ चा. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. पणजीत शाळेत असताना चार मित्रांनी मिळून ‘द बीट ४’ नावाचा वाद्यवृंद काढला. बीटल्सच्या प्रभावाचा तो काळ. पुढे वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी मुंबईस गेल्यावर ते ‘द सॅव्हेजिस’ या त्या वेळच्या गाजलेल्या वाद्यवृंदात सामील झाले. १९७७ नंतरची काही वर्षे त्यांनी युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकंती केली आणि १९८० च्या सुमारास ते गोव्यास परतले. गाणी तयार होती, परंतु ती इंग्रजीत आणि गोव्याच्या जीवनावर. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना अशा गाण्यांना ग्राहक मिळेल असे वाटले नाही.

येथे एका यंत्राची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्टे असतात. दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. १९७९ साली ‘टीॲक’ या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र आणले. त्यात चारही पट्टे एकाच दिशेने, पण स्वतंत्रपणे वापरता येत. एका पट्ट्यावर गिटार मुद्रित करावी, ती ऐकत दुसऱ्यावर ढोल, तिसऱ्यावर बासरी. मग तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवावेत आणि मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर पुन्हा आवाज भरावेत. प्रत्येक वेळी फितीची खरखर थोडी वाढते आणि एकदा एकत्र झालेले स्वर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून प्रत्येक टप्प्यावर कान आणि निर्णय दोन्ही पक्के लागतात.

अशा चार पट्ट्यांच्या यंत्रावर शिवोलीच्या राहत्या घरी रेमो यांनी ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट मुद्रित केली. १९८४ साली ती प्रसिद्ध झाली. शब्द, चाली, सर्व वाद्ये, सर्व आवाज, मुद्रण आणि वेष्टनाचे चित्रदेखील त्यांचेच. विक्रीही त्यांनीच केली. स्कूटरवर कॅसेटी घेऊन ते गोव्यातील दुकानांत स्वतः पोहोचवीत. १९८५ साली ‘ओल्ड गोवन गोल्ड’ आली. तिच्यात त्यांनी गोव्याची जुनी, घराघरांत गायली जाणारी गीते नव्या साजात मांडली. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ चित्रपटात त्यांचे संगीत व दर्शन घडले. १९८६ ची ‘पॅक दॅट स्मॅक’ अमली पदार्थांविरुद्ध होती. तिने आणि १९८७ च्या ‘बॉम्बे सिटी’ने त्यांना देशभर पोहोचविले. तोवर मोठ्या कंपनीचे वितरण लाभले होते. ‘जलवा’ (१९८७) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांतील त्यांचा आवाज तर सर्वपरिचित आहे. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या यशाच्या उजेडात पहिल्या दोन कॅसेटी दुर्लक्षित राहू नयेत. त्यांच्यातील स्वातंत्र्याला मर्यादा होत्या, हे मान्य करावे लागेल. स्कूटर जाईल तेथपर्यंतच कॅसेट जाते. देश गाठायला अखेर कंपनीच लागली. आणखी एक गोष्ट अशी, की एकच माणूस सर्व वाद्ये वाजवितो तेव्हा ‘द बीट ४’सारख्या चौघांत जो संवाद घडतो, जी वादावादी होते, ती फितीवर उतरत नाही. तरीही ज्या परंपरेने पिढ्यान्‌पिढ्या कुशल पण निनावी वादक दिले, तिच्यातील एका कलावंताने आपल्या गावात बसून, आपल्या गावाविषयी, आपल्या नावाने गावे, हा बदल साधा नव्हता. चिक चॉकलेट किंवा सेबास्टियन डिसोझा यांच्यात गुण कमी नव्हते. त्यांच्या काळी मुद्रणाचे साधन मात्र दुसऱ्याच्या मालकीचे होते.

वऱ्हाडातील वाचकांना हे सारे दूरचे वाटेल. पण अचलपूर काय किंवा अमरावती-अकोला काय, कॅसेट येथेही आली होती. नाताळची गीते, उपासनेतील भजने, एखाद्या सणाचे गायन कोणी ना कोणी घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केले असेल. अशी फीत कपाटात असेल, तर ती दमट जागेतून काढावी आणि फीत चांगली आहे तोवर संगणकावर उतरवून घ्यावी. त्यासोबत एका कागदावर तारीख, ठिकाण, आणि पेटी कोणी वाजवली, तबल्यावर कोण होते, मागून कोणी साथ दिली, ही नावे लिहावीत. सांगणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. हे काम पुढच्या नाताळपर्यंत लांबणीवर टाकू नये.