नव्वदीतही वाढलेले स्नायू

आमच्या गटातल्या एक मावशी दाराचा आधार घेऊन उठतात आणि म्हणतात, "वय झालं, आता ताकद कुठली?" आज याचंच उत्तर इतिहासात शोधू.

१९४५ साली अमेरिकेतले लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या कमजोर मांड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. तोवर हलकं वजन पुष्कळदा उचलायला लावत. त्यांनी उलट केलं. वजन जड, उचलायचं कमी वेळा, आणि ताकद वाढेल तसं वजनही वाढवायचं. १९४८ मध्ये पद्धत सुटसुटीत झाली: दहा-दहा वेळांच्या तीन फेऱ्या, आधी निम्मं वजन, मग पाऊण, मग पूर्ण.

हे तरुणांचं झालं. १९९० मध्ये बोस्टनला डॉ. मारिया फियाटारोन यांनी सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांना आठ आठवडे मांड्यांचा असाच व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीचे स्नायू ९ टक्के. दोघांची तर काठी सुटली.

मावशींना मी सांगितलं, डॉक्टरांना विचारून खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा. बचतीसारखंच आहे हे. थोडं टाका, नेमानं टाका, आणि हप्ता हळूहळू वाढवत न्या.