पुरानी बस्तीची महामाया

गुढियारीत बिऱ्हाड थाटले तेव्हा आईला एकच चिंता होती. कुलदेवी माहूरची रेणुका. मग नवरात्रात ओटी भरायची कुठे? शेजारच्या छत्तीसगडी मावशी म्हणाल्या, "महामाया आहे ना!" त्यांच्यासोबत रूळ ओलांडून आम्ही पुरानी बस्तीत गेलो.

महामाया ही हैहयवंशी कलचुरी राजांची कुलदेवी. रतनपूरचे तिचे मंदिर अकराव्या शतकात रत्नदेव राजाने बांधले, असे मानतात. पुढे या घराण्याची शाखा रायपूरला आली आणि देवीही आली. इथली मूर्ती दारातून सरळ समोर दिसत नाही, किंचित तिरकी दिसते. त्याच्या कथा बऱ्याच आहेत. खऱ्याखोट्याची शहानिशा मी केलेली नाही. शेजारीच समलेश्वरी आहे.

आपला संबंध सुरू होतो तो 1741 साली. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या वाटेवर रतनपूरला आले. राजा रघुनाथसिंह वृद्ध, त्यात पुत्रशोकाने खचलेला. फारशी लढाई झालीच नाही. शहरावर लाख रुपये दंड मात्र बसला. आपण मराठी माणसे हा इतिहास छाती फुगवून सांगतो, पण ज्यांचे राज्य गेले त्यांचीच ही कुलदेवी, हे विसरतो.

पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी 1758 पासून 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपूरला राहिले. त्यांनी रामटेकडीवर राममंदिर बांधले. कारभारात मोडी आणली. दसऱ्याला सोने वाटायची चालही त्यांचीच, असे इकडे मानतात. लुटायला आलेले आणि राहायला आलेले यांत फरक असतो, तो इथे दिसतो. 1818 नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने राजधानी रायपूरला हलवली, तेव्हा रतनपूरचे वैभव ओसरले. देवीचा दरबार तेवढा राहिला.

चैत्र आणि आश्विन, दोन्ही नवरात्रांत इथे मनोकामना ज्योती लागतात. आपण घटाजवळ धान्य पेरतो, तसाच इथला जंवारा. मांदरीच्या तालावर जसगीते सुरू झाली की आईला गोंधळाची आठवण येते.

भास्करपंतांची हकीकत मी तिला सांगितली, तेव्हा ती जरा गप्प झाली. "मग आपली ओटी ती घेईल का रे?" तिने विचारले. मी काय सांगणार! मावशींनी मात्र खण-नारळ तिच्या हातात दिला आणि रांगेत तिला आपल्या पुढे उभे केले.