टिटॅनियम डाय-ऑक्साइड, अब्जांशी
पाण्यातील कार्बनी प्रदूषके प्रकाशाच्या साहाय्याने विघटित करणारे, साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांचे धातू-ऑक्साइड. अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये रूटाइल या टिटॅनियम डाय-ऑक्साइडाच्या स्फटिकरूपाच्या विद्युत् अग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे अपघटन घडविल्याचे प्रसिद्ध केले. त्यातून प्रकाश-उत्प्रेरणाच्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली (पहा : उत्प्रेरण). अ‍ॅनॅटेज स्फटिकरूपाचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. ते ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेले जंबुपार किरण शोषताच त्यात इलेक्ट्रॉन व धन विवर (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा) यांची जोडी निर्माण होते. विवरांमुळे पृष्ठभागावरील पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके बनतात. ती रंजके, कीटकनाशके व जंतू नष्ट करतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचे अल्प प्रमाण ही मुख्य मर्यादा. ती कमी करण्यासाठी, म्हणजे दृश्य प्रकाशही शोषला जावा म्हणून, त्यात नायट्रोजन मिसळतात. वापरलेले कण पाण्यातून काढणे अवघड असल्याने ते बहुधा काचेवर किंवा मृत्तिकापृष्ठावर बसवितात (पहा : जलशुद्धीकरण).